बसलो की सापडतो

आमच्या मागच्या घरात नवे भाडेकरू आले आहेत. नवरा-बायको दोघंही संगणकावर काम करतात, म्हणजे दिवसभर खुर्चीत. परवा त्यातली बायको मला म्हणाली, "अंकल, तुमच्या तिण्णैवर एक लांब पट्टा झिजलाय. वरून पाणी गळतं का?"

तिण्णै म्हणजे आम्हा तंजावरकरांच्या घराचा रस्त्याकडचा ओटा. मी चष्मा लावून पाहिलं. लाल सिमेंटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत पायवाट पडली होती. मी म्हटलं, "पाणी नाही. इथं एक मास्तर येरझाऱ्या घालत देवाशी भांडायचे."

ती हसली नाही. संध्याकाळी त्यांच्या दारावर लिंबू-मिरच्या टांगलेल्या दिसल्या. माझ्या विनोदाचं हे असं होतं. घरात तर ते सगळे सवयीनं सोडूनच देतात.

पण हा विनोद नव्हता. ज्ञानशिखामणी सार, म्हणजे आमचे सर, त्या ओट्यावर खरोखरच देवाशी भांडायचे. देवाशी भांडणारे आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आणखीही आहेत, माझी आईच आहे. पण देवाला उत्तर द्यायला सवड ठेवून भांडणारे सारच. एक वाक्य बोलायचे, दोन पावलं टाकायचे, मान थोडी वर करून थांबायचे, आणि मग पलीकडून काहीतरी ऐकल्यासारखं म्हणायचे, "ते सोड. मी विचारलं त्याचं सांग." तो थांबा कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, एका घोटाइतका असायचा. त्याहून जास्त वेळ त्यांनी देवाला कधी दिला नाही.

सार तमिळ ख्रिस्ती. उंच, वाळके, पांढऱ्या शर्टाची बाही एक दुमडलेली आणि एक सुटलेली, चपलांच्या टाचा बाहेरच्या अंगानं झिजलेल्या. मी शाळेत असल्यापासून आमच्या मागच्या घरात राहिले आणि मराठी शिकले ते माझ्या आईची बोलणी ऐकून. त्यामुळे त्यांच्या मराठीत आदरार्थी कमी आणि आज्ञार्थी जास्त. मला ते 'रायर' म्हणायचे. इथले तमिळ लोक आम्हा मराठी घरांना म्हणतात तसं.

बसायचे मात्र नाहीत. कुठेच. शाळेत त्यांच्या खुर्चीवर डस्टर बसलेलं असायचं. घरी उभ्यानं जेवायचे. आई डबरा-टंबलरमध्ये कापी घेऊन आली की ते ती एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत चालू लागायचे.

"बसा की हो सार," आई म्हणायची. "पोटात जाते की पायात ती कापी?"

"बसलो की सापडतो, अम्मा."

"कोणाला?"

सार वर बोट करायचे. आई वर बघायची. वर आमच्या दुरुस्तीला आलेल्या कौलांखेरीज काही दिसायचं नाही, आणि मग माझ्याकडे बघायची, कारण कौलं बदलायचं काम माझ्याकडे होतं. अजून आहे.

शाळेत ते आम्हाला इतिहास शिकवत आणि आठवड्यातून एकदा धर्माचा तास घेत. त्या तासाला हिंदू मुलांनी बाहेर गेलं तरी चालायचं. आम्ही जात नव्हतो, कारण बाहेर ऊन होतं आणि आत सार होते. ते यहुदी लोकांच्या जुन्या संदेष्ट्यांच्या गोष्टी सांगत. देवाचा निरोप राजाला आणि रयतेला पोचवणारी माणसं ती, आणि निरोप बहुधा कडू. सार त्यांची नावं कधी घेत नसत. म्हणत, "नाव घेतलं की तुम्ही हात जोडता. हात जोडून बसलेल्याला गोष्ट कळत नाही." म्हणून त्यांनी प्रत्येकाला घरगुती नाव ठेवलं होतं. एक तोतरा: देवानं राजाकडे जा म्हटलं तर म्हणाला, माझी जीभ जड आहे, भावाला पाठव. एक रडका: तू मला गंडवलंस असं देवाला तोंडावर सुनावायचा, पण निरोप न सांगता गप्प राहिला की आतून भाजून निघायचा. एक झुडपाखालचा: राणीच्या धाकानं रानात पळाला, झुडपाखाली आडवा झाला आणि म्हणाला, पुरे, आता मला मरू दे.

"देवानं त्याला काय सांगितलं असेल?" सार विचारायचे.

आम्ही म्हणायचो, धीर धर, भिऊ नकोस, वगैरे.

"काही नाही सांगितलं. भाकरी दिली. म्हणाला, खा आणि झोप. पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं." इथे सारांचा आवाज थोडा उतरायचा. "मग पुढच्या कामाला जुंपलं, ते वेगळं."

एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, "समजा, देवानं तुम्हाला नावानं हाक मारली. काय म्हणाल?"

पहिल्या बाकावरून शेवटपर्यंत एकच उत्तर आलं, "उळ्ळेन अय्या." हजेरीला आम्ही तेच म्हणायचो, हजर आहे.

"देव हजेरी घेत नाही रे, काम देतो," सार म्हणाले. "रायर, तू सांग."

मी म्हटलं, "सार, मी सांगेन की आई घरी नाही, नंतर या."

वर्ग हसला. सार माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्या वर्गात संदेष्टा व्हायच्या लायकीचा हा एकच आहे."

शाळेत माझ्या वाट्याला आलेलं ते एवढंच कौतुक. घरी जाऊन सांगितलं तर आईनं विचारलं, "गणितात किती?"

आणि संदेष्ट्यांतला चौथा, पळपुटा. देवानं त्याला पूर्वेच्या एका मोठ्या, वाईट शहरात जाऊन चार शब्द सुनावायला सांगितलं, तर हा पश्चिमेला जाणाऱ्या जहाजात चढला. वादळ आलं, खलाशांनी ह्याला समुद्रात टाकलं, मोठ्या माशानं गिळलं आणि किनाऱ्यावर आणून ओकलं. ही गोष्ट सार फार रंगवायचे, पण मासा ओकला की थांबायचे.

"पुढे काय झालं, सार?"

"पुढे गणिताचा तास."

दर वर्षी असंच. पुढचं मला कितीतरी वर्षांनी कळलं, तेही वर्गात नाही.

आईला हे संदेष्टे पसंत नव्हते. मठात भजनाला जाऊन आली की ती ओट्याच्या कडेला बसून सारांना छेडायची. "आमचे संतसुद्धा देवाला बोल लावतात, सार. पण गोड. तुमचे हे सगळे तक्रारखोर."

"तुमचे संत रुसतात, अम्मा. घरातल्या माणसावर रुसावं तसं. त्यांना देव हवा असतो." सार वळून यायचे. "आमच्यांना देव नको असतो. देवाला ते हवे असतात. भक्त देवाच्या दारात जातो. संदेष्ट्याच्या दारात देव येतो, तोही जेवायच्या वेळी."

"मग दार लावून घ्यावं."

"लावतात की. तो तिण्णैवर बसून राहतो."

घरातून हसू यायचं. ते भाग्यम अक्काचं, सारांच्या बायकोचं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, बुटकी, ठसठशीत, दिवसभर उभी राहून आलेली, त्यामुळे आल्या आल्या फतकल मारून बसायची. "अम्मा, ह्यांना देव सांगतो, मी सांगते," ती आतून म्हणायची. "ऐकत दोघांचंही नाहीत. निदान देवानं माझ्यासारखं उठून स्वयंपाकाला लागावं."

अक्का काय सांगायची, ते मला ती गेल्यावर समजलं.

सारांचं गाव पापनाशमच्या पलीकडे, कालव्याच्या काठी. दोन्ही बाजूंना भातशेती, मध्ये एक छोटं चर्च आणि चर्चमागे दफनभूमी. त्या दफनभूमीच्या मधोमध विटांची एक भिंत होती. येशूला मानायला लागून पिढ्या झाल्या तरी जात कोणी सोडली नव्हती. भिंतीच्या अलीकडे वरच्या जातीचे मृत, पलीकडे खालच्या. भिंत बांधून दिली होती सारांच्या वडिलांनी. त्यांच्या नावाचा दगडही तिच्यात बसवलेला होता. आणि भाग्यम अक्का होती पलीकडची. दोघांनी लग्न केलं आणि तंजावूरला आले, ते आमच्या मागच्या घरात. ती भिंत पाडायला गावाला सांगा, हेच अक्का सारांना सांगत आली होती.

अक्का अचानक गेली. तिला गावी नेलं. आमच्या गल्लीतले आम्ही काही जण बरोबर गेलो होतो. शववाहिका दफनभूमीच्या फाटकापाशी थांबली. तिथं सगळे सारांकडे बघू लागले. अलीकडे सारांच्या आईवडिलांच्या शेजारी जागा होती, घराण्याची. सार पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. तोंड उघडलं आणि मिटलं. मग कोणीतरी हलकेच शवपेटी उचलली आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे नेली. सार मागून चालत गेले.

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "माझी जीभ जड झाली, रायर." मला तो तोतरा आठवला. पण त्याला निदान भाऊ होता.

त्यानंतर ओट्यावरची चाल वाढली. पहाटे, दुपारी, जेवण ताटात टाकून. भांडणाचा सूरही बदलला. "मलाच का? तिथं माणसं नाहीत? पाद्री आहे, त्याला सांग." थांबा. "बापाची भिंत आहे म्हणून? बापालाच सांगायचं होतंस मग, तुझ्याकडेच आहे ना तो आता." थांबा. आई आतून ऐकायची आणि भाताला पाणी जास्त घालायची.

आणि सार बसनं गावाला जायला लागले. म्हणजे निघायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालून आईला सांगायचे, "जाऊन येतो अम्मा, आज सांगूनच येतो." आणि दुपारच्या आत गल्लीत हजर. आम्हाला वाटायचं, बोलून आले असतील. एकदा मी कामासाठी अय्यमपेट्टैला गेलो होतो. तंजावूरहून पापनाशमला जाताना हे गाव वाटेत लागतं. तिथं स्टँडवर चहाच्या टपरीपाशी सार उभे, पाठ पापनाशमकडे. मला पाहून म्हणाले, "इथली कापी बेष असते."

परतीच्या बसचा कंडक्टर माझ्या ओळखीचा निघाला. मी विचारलं तर म्हणाला, "सार ना? पापनाशमचं तिकीट मागतात. मी अय्यमपेट्टैचंच देतो. कधी चुकलो नाही."

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला हसू आलं होतं. आईला आलं नाही. म्हणाली, "ते तिकडे निघतात तरी. तू कौलांच्या माणसाकडे कधी निघणार?"

मग मागच्या वर्षी गावच्या चर्चचे कारभारी सेल्वम तंजावूरला आले. सुगीचा सण होता. त्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक, भोपळे, केळीचे घड, कोंबड्या देवापुढे आणतात आणि प्रार्थनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पाद्री परगावी जाणार होते म्हणून चार शब्द बोलायला सारांना बोलावणं होतं. सार ओट्यावर फेऱ्या मारत म्हणाले, "माझा घसा बरा नाही. दुसऱ्या कोणाला बघा."

आई आतून आली. "येतील," ती सेल्वमना म्हणाली. "आमचा मुलगा घेऊन येईल स्कूटरवर. बसमध्ये उतरायची सोय असते."

माझी स्कूटर माझ्यासारखीच आहे. सुरू व्हायला वेळ लावते आणि सुरू झाली की थांबायचं तिला सुचत नाही. त्या सकाळी सार मागे बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला बसलेलं मी पहिल्यांदा पाहतोय, आणि तेही मला पाहता येत नाहीये. मागच्या मागे त्यांचे पाय सारखे हलत होते. अय्यमपेट्टै आलं तसा त्यांनी माझा खांदा धरला.

"थांबव रायर. कापी घेऊ."

"सार, ब्रेक जरा..."

"थांबव म्हणतो ना."

मी ब्रेक दाबला. तो गावाबाहेर, कालव्याच्या पुलापलीकडे लागला. सार उतरले नाहीत. मागे वळून टपरीकडे बघत राहिले आणि वर मान करून म्हणाले, "बेष. त्या पळपुट्याला मासा पाठवलास. मला ही स्कूटर."

चर्च भरलं होतं. वेदीपुढे भोपळे, केळी, पाय बांधलेल्या कोंबड्या. सार उभे राहिले आणि चालायला लागले, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लोकांच्या माना त्यांच्याबरोबर फिरत होत्या. त्यांनी उपदेश केलाच नाही. म्हणाले, "मागे एक भिंत आहे. माझ्या बापानं बांधली. माझी बायको तिच्या पलीकडे आहे. तिला नेलं तेव्हा मी इथं होतो आणि काही बोललो नाही. ती भिंत पाप आहे. ती पाडा. मला दुसरं काही सांगायचं नाही." आणि चालता चालता थांबले. दगड येण्याची वाट बघणारा माणूस जसा खांदे आवळतो तसे आवळून.

कोणी हललं नाही. एक कोंबडी ओरडली. लिलाव पुकारणाऱ्या माणसाला ही शांतता सोसवेना, त्यानं घाबरून एक भोपळा उचलला आणि बोली सुरू केली. तीन-चार वयस्क माणसं उठून निघून गेली, आपली केळी न घेता.

बाहेर आल्यावर सेल्वम सारांपाशी आले. त्यांच्या हातात कापीचा पेला होता. "सार, इतकी वर्षं कुठे होता?"

"म्हणजे?"

"चर्चला दिलेली वस्तू देणाऱ्याच्या घरातल्या माणसानं सांगितल्याशिवाय हलवत नाहीत, ही आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. भिंत तुमच्या घराची. अक्काला आणलं तेव्हा आम्ही काही जण पहारी घेऊनच आलो होतो. तुम्ही बोलाल म्हणून बघत होतो." त्यांनी पेला पुढे केला. "काहींना ती भिंत सोयीचीच होती, खोटं कशाला बोलू. पण ज्यांना नको होती त्यांना वाटलं, सारांनाच ती हवी आहे."

सारांनी पेला घेतला. प्यायले नाहीत. तेवढ्यात चर्चमागून पहारीचा पहिला आवाज आला. गावातले काही तरुण कामाला लागले होते. चुन्यात बांधलेली जुनी भिंत, पहारी लागताच ढासळायला लागली.

मला वाटलं, सार खूश होतील. मी म्हटलंसुद्धा, "सार, झालं की."

त्यांचा चेहरा रागानं थरथरत होता. "काय झालं? मी एवढी वर्षं दगड खायची तयारी केली आणि ह्यांनी मला कापी दिली." मग वर बघून, सगळ्यांसमोर, आमच्या ओट्यावर बोलायचे त्याच आवाजात, "तुला माहीत होतं. हे तयार आहेत हे तुला माहीत होतं. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. तिला भिंतीला वळसा घालून नेलं तेव्हा तू कुठे होतास?" घोटाइतका थांबा. "मी कुठे होतो ते नको सांगू. ते मला माहीत आहे."

सेल्वम मला बाजूला घेऊन म्हणाले, "सारांना राग का आलाय?"

मी त्यांना सारांचं स्कूटर आणि माशाचं बोलणं सांगितलं. तेव्हा सेल्वमनीच मला पळपुट्याची उरलेली गोष्ट सांगितली. शहरात गेल्यावर त्यानं चार शब्द सुनावले आणि त्या वाईट लोकांनी ते चटकन ऐकले. सगळं शहर वाचलं. मग हा शहराबाहेर जाऊन रागानं बसला. एका वेलीच्या सावलीत. देव त्याची समजूत काढायला आला.

"निघाली का समजूत?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही," सेल्वम म्हणाले. "देव प्रश्न विचारतो आणि गोष्ट संपते."

दुपार कलली. भिंतीचा मधला भाग पडला होता, वडिलांच्या नावाचा दगड कोणीतरी सांभाळून कडेला ठेवला होता. मी सारांना शोधत गेलो. मला अंधाराच्या आत परतायचं होतं, स्कूटरचा दिवाही तिच्या मर्जीनं लागतो.

"सार, निघू या?"

"तू जा रायर."

"आणि तुम्ही?"

"बसनं येईन. नाही तर नाही येणार. अम्माला सांग, बोललो."

ते आले नाहीत. सेल्वमच्या ओसरीवर राहिले, आणि नंतरच्या पावसात तिथंच गेले. कालव्याला पूर होता, मी पोचेपर्यंत माती झाली होती, अक्काच्या शेजारी. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सुगीच्या दिवशीच.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई ओट्यावर वाट बघत होती. मी सगळं सांगितलं. भोपळा, भिंत, कापी. आईनं फक्त विचारलं, "निघालास तेव्हा काय करत होते?"

फाटकापाशी स्कूटरला लाथा मारता मारता मी मागे वळून पाहिलं होतं. ढासळलेल्या विटांच्या ढिगावर, अक्काच्या थडग्याकडे तोंड करून, ज्ञानशिखामणी सार बसले होते. पाय पसरून, अक्का बसायची तसे. पेला शेजारच्या विटेवर. बोट वर करून ते काहीतरी विचारत होते. मग बोट खाली आलं, मान थोडी वर झाली आणि ते थांबले. माझी स्कूटर सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. ते अजून थांबलेलेच होते.